टपाखालच्या रेघा

माझ्या दुकानाचं नाव त्या ट्रकच्या मागच्या दारावर यायला हवं होतं. ठरलं तसंच होतं आणि त्या बोलीवरच मी मजुरी उतरवली होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणीही म्हणेल की चूक तुझीच होती. होती. पण नाव यायला हवं होतं.

दुकान म्हणजे उल्हासनगर कॅम्प चारमधला एक गाळा. खिडक्यांच्या ग्रिल, गॅलरीचे कठडे, टेम्पोच्या बॉड्या. पंधराव्या वर्षी मी एका सिंधी शेठकडे लोखंड उचलायला लागलो. वेल्डिंग त्याच्याकडे शिकलो आणि भाव करायलाही त्याच्याकडेच शिकलो. गिऱ्हाईक बोललं की मनात दहा मोजेपर्यंत तोंड उघडायचं नाही, आणि आपल्याला काम हवंय हे त्याला कधीच कळू द्यायचं नाही, एवढंच त्याचं शिक्षण. त्या शिक्षणावर मी गाळा घेतला, बहिणीचं लग्न केलं, आईला पक्क्या घरात मरण दिलं. गल्लीत लोक मला शेठ म्हणायला लागले होते. मी ते ऐकल्यासारखं दाखवायचो नाही, पण ऐकायचो.

सुभेदार मला पहिल्या दिवसापासून मिस्त्री म्हणाला.

तो सैन्याच्या सिग्नल खात्यातून निवृत्त होऊन बदलापूर गावात राहायचा. उंच, वाळका, मान सतत एका बाजूला कललेली. समोर माणूस बोलत असतानाही तो दुसरंच काहीतरी ऐकतोय असं वाटायचं. आदल्या पावसाळ्यात मोठा पूर येऊन गेला होता. बदलापूरच्या मांजर्लीत, नदीकाठी, माणसं गच्च्यांवर बसून राहिली, मोबाइल बंद, फोन बंद, आणि कोण कुठे अडकलंय हे कळायलाच दोन दिवस गेले. म्हणून बदलापुरातल्या काही लोकांनी मंडळ काढलं आणि सैन्याने मोडीत काढलेला एक ट्रक लिलावातून आणला. त्यात वायरलेस बसवायचा, पूर आला की ट्रक नदीकाठी उभा करायचा आणि अंबरनाथला खबर द्यायची. सुभेदाराकडे हौशी वायरलेसचा परवाना होता. अंबरनाथच्या टोकाला एक बाई होत्या, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. त्यांच्याकडेही परवाना होता आणि घराच्या गच्चीवर अँटेना होता.

अँटेना बसवायचं काम सुभेदार माझ्याकडे घेऊन आला. मी पन्नास खोड्या काढल्या. पत्रा जुना आहे, गंज आत गेलाय, असलं काम आम्ही करत नाही. तो शांतपणे ऐकत राहिला. खरं तर त्याने ट्रकचं नाव काढलं तेव्हाच मी मनात हो म्हटलं होतं. माझी थोरली बहीण मांजर्लीत राहत होती, नदीच्या बाजूला. रस्त्यावर इमारत, इमारतीमागे पाण्याची टाकी, टाकीच्या मागे तिचं बैठं घर. रस्त्यावरून ते दिसायचंही नाही. मेहुणे गुजरातला नोकरीला. घरात ताई आणि तिची अंथरुणाला खिळलेली सासू. त्या मोठ्या पुरात ताईने म्हातारीला शेजाऱ्यांच्या मदतीने टाकीवर चढवलं होतं आणि दोन दिवस दोघी तिथे बसून होत्या. कुणाला पत्ता नव्हता. मलाही नव्हता. तिसऱ्या दिवशी मी चिखलातून गेलो तेव्हा ताई एवढंच म्हणाली, "आम्ही हाका मारत होतो रे. खूप मारल्या."

हे मी सुभेदाराला सांगितलं नाही. गिऱ्हाईकाला आपली गरज कळली की भाव गेला. मी दारावरच्या नावाची बोली केली, तो म्हणाला ठीक आहे मिस्त्री, आणि काम ठरलं.

ट्रक गल्लीत आला तेव्हा पोरंटोरं गोळा झाली, पण जवळ कुणी गेलं नाही. मागे खोलीसारखी पत्र्याची बंद बॉडी होती, एक दार, खिडकी नाही. आत भिंतीला टेकून लाकडी बाक आणि टेबल. दार ओढून घेतलं की बाहेरचा कॅम्प चार बंद व्हायचा. गल्लीतल्या ग्राइंडरचा, भोंग्यांचा, भांडणांचा आवाज पार नाहीसा. आपण खोकलो तर खोकला परत यायचा, किंचित उशिरा, आणि दुसऱ्याच कुणाचातरी वाटायचा. माझा पेंटर, जो तोंडात गुटखा धरून दिवसभर बडबडायचा, तो आत गेला की गप्प व्हायचा. बाहेर येऊन म्हणायचा, "शेठ, अंदर कोणीतरी बसल्यासारखं वाटतं." मी त्याला शिव्या घातल्या. पण आतलं वेल्डिंग करताना मीसुद्धा दार उघडं ठेवायचो.

दोन अँटेना बसवायचे होते. एक लांबलचक, वाकणारा, मागच्या कोपऱ्यावर, दूरच्या बोलण्यासाठी. दुसरा आखूड, टपाच्या मधोमध, अंबरनाथपर्यंतच्या बोलण्यासाठी. आमचं खरं काम या आखूड अँटेन्याचं. त्यासाठी टपाला भोक पाडायचं होतं. मी ड्रिल घेऊन वर चढलो तर सुभेदार म्हणाला, नवं पाडू नकोस, आहे ते वापर. मी म्हटलं, आहे कुठे? टप गुळगुळीत होता, हिरव्या रंगाचा एकसारखा थर. सुभेदार खालीच उभा होता. तो आत गेला, बाकावर बसला, वर न बघता हात उचलून छताला बोट लावलं आणि आतून टकटक केलं.

"इथं."

मी वरून तिथे ब्रश मारला. हिरवा रंग गेला, खाली पिवळट, त्याखाली पांढरा, त्याखाली पुन्हा हिरवा. मग रुपयाएवढी एक चकती दिसली, कथलाने बुजवलेली. बरोबर त्याच्या बोटावर.

मी विचारलं, हा ट्रक तुमच्या ओळखीचा आहे का? तो म्हणाला, नाही. अशा सगळ्या ट्रकांना भोक तिथेच असतं. मी धंद्यातला माणूस आहे, खोटं बोलणारा मला पटकन कळतो. तो खोटं बोलत नव्हता, आणि खरंही सांगत नव्हता.

आत बाकाच्या वर, भोकाच्या खालच्या भिंतीवर, रंग खरवडल्यावर रेघा निघाल्या. खिळ्याने पत्र्यावर ओढलेल्या, उभ्या, एकमेकींना लागून. चार-पाच ओळी भरून होत्या. सुरुवातीच्या रेघा सरळ होत्या, शेवटच्या वाकड्यातिकड्या, काही नुसत्या टोचल्यासारख्या. पेंटरने पुट्टी काढली तेव्हा सुभेदाराने त्याचा हात धरला. त्याला बुजवू नको म्हणाला. मी विचारलं, काय आहे हे? हाक मारली आणि उत्तर आलं नाही की एक रेघ मारायची, म्हणाला. म्हणजे किती वेळा बोलावलं ते लक्षात राहतं, आणि माणूस भानावर राहतो.

"एवढ्या वेळा?" मी म्हटलं.

"मग उत्तर आलं असेल," तो म्हणाला. "किंवा खिळा पडला असेल."

ते ऐकून पेंटर त्या दिवशी लवकर घरी गेला.

काम मी उत्तम केलं, हे कुणीही नाकारू नये. अँटेन्यांच्या बैठकीला जाड पट्टी, कोपऱ्यावरच्या अँटेन्याला खालून आधार, वारा आला तरी पत्रा फाटणार नाही अशी जोडणी. पण सुभेदाराचा हट्ट एका गोष्टीवर होता. आखूड अँटेन्याच्या बुडाशी, आतून, पत्रा नाण्यासारखा चमकेपर्यंत घासायचा, त्यावर दातेरी वायसर, त्यावर नट. लोखंडाला लोखंड भिडलं पाहिजे, मध्ये रंग नको, काही नको, नाहीतर आवाज लांब जाणार नाही, म्हणाला. मला ते पटेना. आमच्याकडे पत्र्याला भोक म्हटलं की खाली-वर रबराची चकती आणि वरून रंगाचे दोन थर, हा हाताचा धर्मच झालेला असतो. कॅम्प चारमधला फॅब्रिकेटर एकाच गोष्टीवर बुडतो, पाणी गळण्यावर. वेल्डिंग वाकडं चालेल, माप चुकलं तरी गिऱ्हाईक सांभाळून घेतं, पण पहिल्या सरीला छत गळलं की गल्लीभर नाव होतं. सुभेदार म्हणाला, गळलं तर गळू दे. बाहेरून फटीत लांबी भर, मेण लाव, आत काही लावू नकोस.

पहिली चाचणी नदीच्या पुलाजवळ झाली. सुभेदार आत बसला, दार मिटलं, मी बाहेर टपाकडे बघत उभा. वाऱ्याने लांब अँटेना गुणगुणत होता, एकाच सुरात, कुणीतरी ओठ मिटून गात असल्यासारखा. थोड्या वेळाने पत्र्यामागून अंबरनाथच्या बाईंचा आवाज आला, इतका स्पष्ट की मी वळून मागे बघितलं. बाई म्हणाल्या, शेजारी बसून बोलताय असं वाटतंय.

मी घरी जाताना मांजर्लीत ताईकडे थांबलो. सांगितलं तिला, यंदा हाक मारावी लागणार नाही. ती म्हणाली, त्यांना आमचं घर माहीत आहे का? मी म्हटलं, सगळं माहीत असतं त्यांना.

उद्घाटनाच्या चार दिवस आधी एक सर आली आणि टप गळला. फार नाही, भोकाजवळून थेंब थेंब, बरोबर मंडळाच्या एका सभासदाच्या चष्म्यावर. तो हसून म्हणाला, शेवटी उल्हासनगरचा माल, दिसायला चांगला. सगळे हसले. आमच्या कॅम्पांबद्दल ही थट्टा लोक जन्मभर करतात, नकली घड्याळं आणि नकली साबण इथून निघतात म्हणून. मी ती थट्टा बापाच्या वयाच्या माणसांकडून ऐकलीय, पोरांकडून ऐकलीय. सुभेदार हसला नाही. पण 'मी सांगितलं म्हणून मिस्त्रीने पत्रा उघडा ठेवलाय' एवढं एक वाक्य तो बोलू शकला असता. तो मान कलती करून थेंबाचा आवाज ऐकत राहिला.

आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी ट्रक बघायला गेलो तर मागच्या दारावर नावं रंगवून झाली होती. मंडळाचं नाव, ज्यांच्या हस्ते नारळ फुटणार त्यांचं नाव, सहकार्य म्हणून आणखी तिघांची. माझं नाही. सुभेदाराला विचारलं तर म्हणाला, मंडळाने ठरवलं, मी एकटा नाही. मी त्याला भर चौकात बरंच काही बोललो. बोली कुणाशी झाली होती, मंडळाशी की तुमच्याशी? वर्दी गेली की शब्दही जातो का? त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मिस्त्री, ट्रक चालला पाहिजे. नावाचं बघू नंतर." आणि तो मंडपवाल्याकडे निघून गेला.

दुपारी तिथे ट्रकजवळ कुणी नव्हतं. मी पेंटरला फोन करून बोलावलं. मनात एवढंच होतं की नाव नाही तर नाही, पण उद्या चारचौघांत माझा टप गळणार नाही. छताखालचा नट सोडला, दातेरी वायसर काढून खिशात टाकला, खाली-वर रबराच्या जाड चकत्या घातल्या आणि करकचून आवळलं. आतला घासलेला चमकदार पत्रा पांढऱ्या ऑइलपेंटने दोनदा रंगवला. पेंटर म्हणाला, शेठ, या रेघांचं काय? मी म्हटलं, सगळं. त्याने त्यांच्यावरून हात फिरवायला नकार दिला, तेव्हा ब्रश मीच घेतला. पुट्टी भरून, वर पांढरा. आत खोली एकदम नवी दिसायला लागली, दवाखान्यासारखी. दार ओढून मी क्षणभर आत उभा राहिलो. माझ्या श्वासाचा आवाज भिंतीवरून परत येत होता, आणि मी श्वास रोखल्यावरही एकदा आला. मी बाहेर पडलो.

उद्घाटनाला अंबरनाथच्या बाई स्वतः आल्या होत्या, हातात छोटा वायरलेस घेऊन मंडपात बसल्या. ट्रकातून सुभेदार बोलला, त्यांनी उत्तर दिलं, टाळ्या झाल्या. पन्नास पावलांवरून कोणताही सेट बोलतो. आतली सफेदी बघून सुभेदार माझ्याकडे वळला. भिंतीवरून, जिथे रेघा होत्या तिथून, त्याने तळवा फिरवला. छताकडे त्याने बघितलं की नाही, मला आठवत नाही. हे आठवण्याचा मी खूप प्रयत्न केला आहे.

जुलैच्या अखेरीस बाईंच्या गच्चीवरचा खांब वाऱ्याने कलला, म्हणून त्यांनी मला अंबरनाथला बोलावलं. खांब सरळ करून होईपर्यंत पाऊस असा कोसळायला लागला की समोरची इमारत दिसेना. गाड्या बंद झाल्या. दुपारी दोनला बाईंनी घरात दिवे लावले आणि अर्ध्या तासात वीज गेली. सेट बॅटरीवर चालत होता, त्याचा एक हिरवा दिवा तेवढा राहिला. मी ताईला मोबाइल लावत होतो, लागत नव्हता.

साडेतीनच्या सुमाराला सेटमध्ये खरखर झाली. बाई पुढे सरकल्या. खरखरीच्या तळाशी काहीतरी होतं. शब्द नाही, शब्दाचा आकार. बाईंनी उत्तर दिलं, तुमचा आवाज अगदी क्षीण येतोय, पुन्हा सांगा. पुन्हा तेच. मग एकदा सुभेदाराचा आवाज ओळखू आला, "मांजर्ली" एवढंच, आणि पुन्हा बुडाला. बाई कान लावून बसल्या होत्या. म्हणाल्या, दादा, हा माणूस जमिनीखालून बोलल्यासारखा बोलतोय.

बाईंना नाही कळलं, पण मला कळलं. खिशात हात घातला. तीच पँट नव्हती, पण बोटं दातेरी वायसर शोधत होती.

तो पुन्हा पुन्हा बोलावत होता. मध्ये ठरावीक वेळ जायचा, मग परत. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता तिकडे एक रेघ पडली. पांढऱ्या रंगावर. आणि त्याच्या आवाजामागे, त्या खरखरीत, ताई कुठेतरी होती. बाई मला म्हणाल्या, तुमचं कुणी आहे का तिकडे? मी म्हटलं, बहीण आहे, मांजर्लीत. एवढंच म्हटलं. मला आजही शपथेवर सांगता येईल की मी एवढंच म्हटलं.

मग मी त्यांना सांगितलं, त्याचा आवाज का येत नाही ते. सगळं सांगितलं, रबर, रंग, राग. बाई म्हणाल्या, आपला आवाज त्यांना जात असणार, आपला अँटेना धड आहे. त्यांनी माइक माझ्या हातात दिला आणि कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं.

आयुष्यात मी चूक कबूल करून कुणाकडून काही मिळवलं नव्हतं. जन्मभर मी समोरच्याला आधी बोलू दिलं होतं. बटण दाबलं आणि तोंडातून आलं ते हे.

"सुभेदार, मी मिस्त्री बोलतोय. टपाखालच्या नटात रबर आहे. मी घातलंय. रंग खरवडा, लोखंडाला लोखंड लावा. मी मिस्त्री बोलतोय."

बटण सोडलं. खरखर. तिकडून काही नाही. मी पुन्हा बोललो, तेच. पुन्हा काही नाही. आधी निदान तळाशी काहीतरी हलत होतं, आता तेही थांबलं. बाहेर दुपारचे चार वाजले असतील आणि खिडकीत रात्रीसारखा काळोख होता. बाईंनी वहीचं नवं पान काढलं, पेन्सिल हातात धरली आणि त्या पानाकडे बघत बसल्या. टेलिफोनच्या नोकरीत लागलेली सवय असावी. पलीकडे कुणी बोलत नसलं तरी लिहायच्या तयारीत बसायचं.

किती वेळ गेला माहीत नाही. एकदम खरखर कापल्यासारखी थांबली आणि आवाज आला. स्वच्छ. शेजारी बसून बोलावं तसा. घाई नाही, दम लागलेला नाही. एक एक घर सांगत गेला. अमुक दुकानामागची इमारत, तळमजला, पाच जण, एक लहान मूल. अमुक देवळाजवळची चाळ, तीन जण. बाई लिहीत होत्या. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. आणि शेवटी तो आवाज म्हणाला, पाण्याच्या टाकीमागचं बैठं घर, रस्त्यावरून दिसत नाही, दोन बायका, एक अंथरुणावर.

त्यानंतर काही आलं नाही. उरलेल्या दिवसात नाही.

बाईंचा घरचा फोन चालू होता. त्यांनी होडीवाल्या पथकाला यादी वाचून दाखवली, दोनदा, आकड्यांवर जोर देऊन. मी बाकावर बसून राहिलो. सुभेदाराला ताईचं घर माहीत होतं म्हणजे, मला वाटलं. कुणीतरी सांगितलं असेल. कुणीही असो.

ताई आणि तिची सासू संध्याकाळच्या आत बाहेर आल्या. या वेळी टाकीवर चढवायला शेजारी नव्हते, ते आधीच निघून गेले होते. ताईने म्हातारीला गादीसकट टेबलावर घेतलं होतं आणि पाणी टेबलाला लागलं तेव्हा तिला मांडीवर घेऊन त्रिशरण म्हणत बसली होती. होडी टाकीला वळसा घालून थेट मागे आली, तिने मला सांगितलं. कुणाला विचारलं नाही, कुठे शोधलं नाही. आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर मी हे लिहीत बसलो नसतो.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा मी चालत बदलापूरला गेलो. ट्रक पुलाच्या अलीकडे चाकं बुडेपर्यंत चिखलात उभा होता. सुभेदार आत बाकावर बसलेला, डोळे लाल. मी वर न बघता म्हटलं, माझं ऐकू आलं होतं ना? तो म्हणाला, ऐकू आलं. पण मी तेव्हा दोरीला होतो, पाण्यात. माणसं ओढत होतो. आत आलो तर तुमचा आवाज चालू होता. छताला हात लावायला वेळ कुठे होता, मी यादी वाचत राहिलो.

मी वर बघितलं. नट तसाच आवळलेला. रबराची कड नटाखालून दिसत होती, काळी, ओली. रंगाला एक ओरखडासुद्धा नव्हता. टप गळलेला नव्हता, एक थेंबही नाही.

बाईंनी नंतर सांगितलं की असं होऊ शकतं. ट्रक पाण्यात उभा होता, सगळा ओला होता, पाण्यानेच लोखंडाला लोखंड जोडलं असेल थोडा वेळ. मी मान हलवली. विजेतलं मला फार कळत नाही.

पण त्या दिवशी ट्रकात मी सुभेदाराची वही मागितली. त्याने यादी दाखवली. बाहेर पोहत आलेल्या लोकांनी सांगितलेली घरं, क्रमाने, त्याच्या सैनिकी अक्षरात. अकरा घरं होती. मी दोनदा बघितली. टाकीमागचं घर त्यात नव्हतं.

"हे घर मला माहीतच नव्हतं," तो म्हणाला. "कुणी सांगितलं नाही."

मी सांगितलं नव्हतं. गरज कळली की भाव जातो म्हणून.

बाईंच्या पानावर बारा होती. मी पुढे एकदा त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, दादा, तुम्हीच म्हणाला असाल, मी भरात लिहून घेतलं असेल. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. मी खांद्यावरून बघत होतो, तोंड मिटून, आणि ते वाक्य मी कानांनी ऐकलं, त्याच आवाजात. तो आवाज सुभेदाराचाच होता का, हे त्यांनी मला विचारलं नाही. मीही त्यांना नाही.

त्या दिवशी ट्रकातून उतरायच्या आधी मी भिंत बघितली. माझ्या पांढऱ्या रंगावर पेन्सिलच्या रेघा होत्या, उभ्या, एकमेकींना लागून. चार-पाच ओळी. सुरुवातीच्या सरळ, शेवटच्या वाकड्या. जिथे मी जुन्या बुजवल्या होत्या, त्याच जागी. सुभेदार म्हणाला, माझ्याच आहेत, काल मारल्या. मी मोजल्या नाहीत. त्यातली प्रत्येक माझ्या रबराची होती.

त्याने मंडळात कुणाला काही सांगितलं नाही. रबर मी त्याच्यासमोर काढलं, पत्रा घासला, नवा दातेरी वायसर बसवला. मला वाटत होतं तो शिव्या देईल. दिल्या असत्या तर आमचं फिटलं असतं. तो मान कलती करून घासण्याचा आवाज ऐकत होता. झाल्यावर म्हणाला, "आता ठीक आहे, शेठ."

त्या शब्दाचा मला अजून राग येतो.

दारावर नाव आलंच नाही. पुढच्या वर्षी सुभेदार आजारी पडून गेला, मंडळात भांडणं झाली, आणि ट्रक फिरत फिरत आमच्याच कॅम्पात तोडायला आला. मी तोडणाऱ्याकडे गेलो आणि बॉडीच्या पत्र्यांपैकी फक्त दोन मागितले, भोकाचा आणि रेघांचा. त्याने माझ्या तोंडावरून ओळखलं असावं की मला हवेत. दहा मोजायचं मी विसरलो होतो.

ते पत्रे आता माझ्या गाळ्याचं छत आहेत, मागच्या बाजूला, जिथे मी बसतो. भोक मी बुजवलेलं नाही. पावसात थेंब पडतात, खाली घमेलं ठेवतो. गिऱ्हाईकं हसतात, फॅब्रिकेटरच्याच डोक्यावर गळतंय म्हणतात. मी त्यांना हसू देतो आणि पुढचं बोलणं त्यांनाच आधी करू देतो. पाऊस जोराचा असला, गल्लीतले आवाज बुडाले, की मी कधी कधी काम थांबवून मान कलती करतो. ताई मांजर्लीतून वर, कात्रपला राहायला गेली आहे, सुखरूप आहे. मला कुणाची वाट बघायची नाही. पेन्सिल मात्र टेबलावर असते.